मूल दत्तक घेताय? रजेची तयारी प्रतीक्षा यादीत असतानाच करा

दत्तक प्रक्रियेत नोंदणीपासून घरभेटीपर्यंत प्रत्येक गोष्ट समजावून सांगणारं कोणी ना कोणी भेटतं. रजेबद्दल मात्र विचारलं की बहुतेक जण म्हणतात, "मूल आल्यावर बघू." माझा आग्रह नेमका याच्या उलट आहे. मूल आल्यावर बघायला वेळच नसतो. मी खासगी कंपनीत नोकरी करते, नवरा केंद्र सरकारी खात्यात. त्यामुळे एकाच मुलीसाठी आमच्या घरात दोन वेगळे नियम लागू झाले आणि दोन्हींचा अभ्यास करावा लागला. त्यातून हाती आलेलं सगळं इथे क्रमाने देते आहे.

१. तुम्हाला कोणता नियम लागू होतो ते आधी ठरवा

भारतात दत्तक रजेचा एकच नियम नाही. तुम्ही कुठे नोकरी करता त्यावर सगळं अवलंबून आहे.

खासगी क्षेत्रातल्या स्त्रियांसाठी मूळ कायदा म्हणजे १९६१ चा प्रसूती लाभ कायदा. २०१७ साली त्यात दुरुस्ती झाली आणि दत्तक घेणाऱ्या आईला पहिल्यांदाच १२ आठवड्यांच्या पगारी रजेचा हक्क मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा कायदा तिच्यात सामावला गेला. कंपनीच्या कागदांवर अजूनही जुन्या कायद्याचं नाव दिसेल, त्याने गोंधळू नका. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेली दुकानं आणि आस्थापना यात येतात, कारखान्यांनाही हा कायदा लागू आहे.

तुमचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर रजेचे पैसे कंपनी देत नाही, कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं. अर्ज त्यांच्या शाखा कार्यालयात करायचा असतो.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ लागू होतात. राज्य सरकार, महापालिका, विद्यापीठ, बँक या सगळ्यांचे नियम वेगळे आहेत. राज्य शासनात असाल तर आस्थापना शाखेकडून सध्या लागू असलेला शासन निर्णय क्रमांकासह मागून घ्या. सहकाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका, कारण हे आकडे मधूनमधून बदलतात.

आणि कंपनीचं स्वतःचं धोरण पाहायला विसरू नका. कायदा सांगतो ते किमान आहे. बऱ्याच कंपन्या त्याहून जास्त देतात, फक्त ते कुणी आपणहून सांगत नाही.

२. दत्तक प्रक्रियेतल्या कोणत्या तारखेला रजा सुरू होते?

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

अनाथ, सोडून दिलेलं किंवा आईवडिलांनी संस्थेच्या स्वाधीन केलेलं मूल दत्तक घ्यायचं, तर मार्ग एकच आहे: 'कारा' म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण. बाल न्याय कायदा, २०१५ आणि त्याखालचे २०२२ चे दत्तक नियम यांनुसार हे काम चालतं. कोणत्याही धर्माच्या माणसाला या कायद्याखाली मूल दत्तक घेता येतं. ऑनलाइन नोंदणी करायची, मग सामाजिक कार्यकर्त्या घरी येऊन होम स्टडी रिपोर्ट तयार करतात, आणि मग वाट पाहणं सुरू होतं. ती वाट काही वर्षांची असू शकते.

पण एकदा रेफरल आलं, म्हणजे मुलाची माहिती तुम्हाला दाखवली गेली, की घड्याळ एकदम वेगाने धावू लागतं. मूल राखून ठेवायला ४८ तास मिळतात. त्यानंतर ३० दिवसांच्या आत संस्थेत जाऊन मुलाला भेटायचं, कागद तपासायचे आणि स्वीकृती द्यायची. स्वीकृतीनंतर १० दिवसांत मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी तुमच्या घरी येतं. अंतिम दत्तक आदेश त्यानंतर निघतो. १ सप्टेंबर २०२२ पासून तो न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात, आणि अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत निकाल द्यावा असा नियम आहे.

म्हणजे मूल घरात आधी येतं, आदेश नंतर. एचआरमधले लोक बहुतेक वेळा आदेशाची प्रत मागतात आणि ती येईपर्यंत रजा मंजूर करता येत नाही असं सांगतात. खासगी क्षेत्राच्या कायद्यात शब्द स्पष्ट आहेत: मूल दत्तक आईच्या हाती सोपवलं जातं त्या तारखेपासून १२ आठवडे. आदेशाच्या तारखेपासून नव्हे. हे वाक्य कायद्यातून छापून जवळ ठेवा, ते नक्की लागेल.

केंद्र सरकारी नियमाचे शब्द मात्र वेगळे आहेत. तिथे मूल एक वर्षाच्या आतलं असेल तर 'वैध दत्तकाच्या तारखेनंतर लगेच' १८० दिवसांची रजा असं लिहिलेलं आहे. त्यामुळे दत्तकपूर्व संगोपनाचे आठवडे तुमचं कार्यालय कसे धरणार हे आधीच लेखी विचारून ठेवा. मधला काळ अर्जित रजेत काढावा लागू शकतो, म्हणून ती शिल्लक ठेवा. प्रतीक्षा यादीत असताना अर्जित रजा सहलीसाठी संपवू नका, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

नात्यातलं मूल हिंदू दत्तक कायदा, १९५६ खाली घेत असाल तर कागद वेगळा: नोंदणीकृत दत्तकपत्र. नोंदणी झालेली असली की दत्तक कायद्याप्रमाणे झालं असं गृहीत धरलं जातं, म्हणून केवळ नोटरी केलेल्या कागदावर थांबू नका. "दवाखान्यात एक बाळ आहे, परस्पर देऊन टाकू" असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. अनाथ किंवा सोडलेलं मूल कायद्याची प्रक्रिया टाळून दत्तक घेणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

३. मुलाच्या वयाची अट: इथे सगळ्यात जास्त आया अडकल्या

२०१७ च्या दुरुस्तीने १२ आठवडे दिले, पण मूल तीन महिन्यांपेक्षा लहान असेल तरच. नव्या संहितेतही हेच शब्द उचलले गेले.

आता ही अट बाल न्याय कायद्याशेजारी ठेवून पाहा. आईवडिलांनी मूल स्वाधीन केलं तर त्यांना विचार बदलायला दोन महिने द्यावे लागतात. सोडून दिलेलं मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल, तर पालकांचा शोध घेऊन ते दत्तकासाठी मोकळं असल्याचं जाहीर करायला बाल कल्याण समितीला दोन महिन्यांपर्यंतचा अवधी असतो. मोठ्या मुलांसाठी चार महिने. त्यानंतर रेफरल, स्वीकृती, प्रवास. तीन महिन्यांच्या आत मूल घरी पोचणं जवळजवळ अशक्य. एका हाताने दिलेला हक्क दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं हे झालं. याच मुद्द्यावर एका दत्तक आईने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि ही अट न्यायालयापुढे गेली.

म्हणून "मूल तीन महिन्यांपेक्षा मोठं आहे, रजा नाही" असं उत्तर आलं तर ते शेवटचं धरू नका. एचआरची पुस्तिका किंवा जुने लेख प्रमाण मानू नका. अर्ज करता त्या दिवशीची स्थिती कामगार वकिलाकडून किंवा कामगार आयुक्त कार्यालयातून तपासून घ्या.

मला या अटीबद्दल मनापासून एक सांगायचं आहे. दत्तक रजा बाळंतपणातून शरीर सावरण्यासाठी नाही, ती मुलाला घर ओळखीचं होण्यासाठी आहे. आमची मुलगी आली तेव्हा तिला बोलता येत होतं. संस्थेतल्या ताईंची नावं ती रोज घ्यायची, रात्री उठून दाराकडे जायची. तान्ह्या बाळापेक्षा अशा मुलाला आई दिवसभर घरात दिसण्याची गरज जास्त असते. कंपनीशी बोलताना हे न संकोचता सांगा. धोरण ठरवणाऱ्यांपैकी अनेकांनी याचा विचारच केलेला नसतो, आणि ऐकलं की बदलायला ते तयारही होतात.

४. एचआरशी लेखी बोला, आणि लवकर बोला

होम स्टडी रिपोर्ट झाला की पहिला ईमेल पाठवा. तेव्हा रजा मागायची नाही, फक्त धोरण विचारायचं. हे प्रश्न त्यात असू द्या:

– दत्तक मुलासाठी पगारी रजा किती, आणि मुलाच्या वयाची अट आहे का?
– रजा कोणत्या तारखेपासून मोजणार? दत्तकपूर्व संगोपनाचं पत्र पुरेसं आहे का?
– रजेला जोडून अर्जित रजा किंवा बिनपगारी रजा घेता येईल का?
– दत्तक घेणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्याला काय मिळतं?
– गट आरोग्य विम्यात मुलाचं नाव किती दिवसांत घालावं लागेल?

उत्तर ईमेलवरच मागा. तोंडी मिळालेलं "होईल हो, काळजी करू नका" पुढे माणसं बदलली की उरत नाही. स्त्री कर्मचाऱ्याला नेमणुकीच्या वेळीच हे लाभ लेखी कळवणं आस्थापनेवर बंधनकारक आहे, तेव्हा विचारायला संकोच नको.

प्रोबेशनवर आहात, कंत्राटी आहात, तरीही विचारा. कायद्याची अट एवढीच की आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं, आणि पगारी सुट्ट्याही त्या ८० दिवसांत धरल्या जातात. हजेरीपटावरच्या रोजंदारी स्त्रियांनाही प्रसूती लाभ मिळायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सांगितलं आहे. ईएसआयमध्ये अट वेगळी: लगतच्या दोन अंशदान कालावधींत (हप्ता भरण्याच्या सहा-सहा महिन्यांच्या टप्प्यांत) मिळून किमान ७० दिवसांचं अंशदान.

५. पगाराचा हिशेब

१२ आठवडे म्हणजे ८४ दिवस, रविवारसकट. रजेच्या काळातल्या रविवारचेही पैसे द्यायचे असतात, हे १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. दर काढताना रजेआधीच्या तीन महिन्यांच्या वेतनाची रोजची सरासरी घेतात. त्यामुळे त्या तीन महिन्यांत बिनपगारी रजा पडली असेल तर हिशेब नीट तपासा. संहितेत वेतनाची व्याख्याही बदलली आहे: वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर जास्तीचा भाग वेतनातच धरायचा. मूळ पगार छोटा आणि भत्ते मोठे अशी पगारपत्रकं असणाऱ्यांना याचा फायदा होतो.

केंद्र सरकारी दत्तक रजेत रजेवर जाण्याआधीचा पगार पूर्ण मिळतो आणि ही रजा खात्यातून वजा होत नाही. तिला जोडून नियमाप्रमाणे देय असलेली इतर रजाही घेता येते. पण दोन हयात मुलं आधीच असतील तर ही रजा मिळत नाही.

मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल तर केंद्र सरकारी आईने बाल संगोपन रजेकडे वळावं. पूर्ण सेवेत ७३० दिवस मिळतात. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ३६५ दिवस ८० टक्के पगारावर. २०१८ पासून एकट्या पुरुष पालकालाही ती मिळते. ती हक्काने नाही तर मंजुरीने मिळते, म्हणून अर्जात कारण सविस्तर लिहा.

६. कागदपत्रं: काय द्यायचं आणि काय अजिबात द्यायचं नाही

कार्यालयाला लागतात ती एवढीच:

– कारा नोंदणीची पावती (आधीच्या टप्प्यावर)
– दत्तकपूर्व संगोपनाचं हमीपत्र किंवा मूल सोपवल्याबद्दल विशेष दत्तक संस्थेचं पत्र, ज्यावर मुलाची जन्मतारीख आणि सोपवल्याची तारीख असेल
– पुढे, जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश
– त्यानंतर, तुमची नावं असलेला मुलाचा जन्मदाखला
– नात्यातलं दत्तक असेल तर नोंदणीकृत दत्तकपत्र

सोपवल्याची तारीख असलेलं पत्र संस्थेकडून त्याच दिवशी मागून घ्या. नंतर त्यासाठी पुन्हा संस्थेच्या गावी जाणं जमत नाही.

आता जे द्यायचं नाही ते. मुलाचा अभ्यास अहवाल (संस्थेने लिहिलेली मुलाची पार्श्वभूमी) आणि वैद्यकीय अहवाल कार्यालयात कोणालाही देऊ नका. मूल कुठे सापडलं, जन्मदात्या आईची परिस्थिती काय होती, हे त्या मुलाचं स्वतःचं आहे. होम स्टडी रिपोर्टमध्ये तुमची मिळकत, आजार, नात्यातले तपशील असतात. तोही देऊ नका. माझ्याकडे एका अधिकाऱ्याने 'पूर्ण फाइल' मागितली होती. मी एका ओळीत कळवलं: रजेसाठी मुलाची जन्मतारीख आणि सोपवल्याची तारीख पुरेशी आहे, ती असलेलं पत्र जोडलं आहे. विषय तिथेच संपला.

७. अर्ज असा लिहा

थोडक्यात आणि नेमका. हा मसुदा वापरा, हवा तसा बदला:

"महोदय / महोदया, मी व माझे पती यांना कारामार्फत दत्तक प्रक्रियेत मूल निश्चित झाले असून दिनांक ___ रोजी ते दत्तकपूर्व संगोपनासाठी आमच्याकडे सोपवले जाणार आहे. त्या तारखेपासून मला लागू कायद्यानुसार व आस्थापनेच्या धोरणानुसार दत्तक मातेची पगारी रजा मंजूर करावी, तसेच तिला जोडून ___ दिवसांची अर्जित रजा मंजूर करावी. संस्थेचे पत्र सोबत जोडले आहे. दत्तक आदेश प्राप्त होताच त्याची प्रत सादर करीन. मुलाविषयीची माहिती गोपनीय ठेवावी, ही विनंती."

स्वीकृती दिली त्याच दिवशी हा अर्ज पाठवा. मधल्या दहा दिवसांत तुम्ही कपाट रिकामं करत असाल, प्रवासाची तिकिटं काढत असाल.

८. बाबांची रजा

केंद्र सरकारी नोकरीत पुरुष कर्मचाऱ्याला एक वर्षाखालच्या मुलाच्या दत्तकासाठी १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. ती वैध दत्तकाच्या तारखेपासून सहा महिन्यांत घ्यावी लागते, नाही घेतली तर गेली. इथेही दोनपेक्षा कमी हयात मुलं ही अट आहे. आमची मुलगी वर्षापेक्षा मोठी होती, म्हणून नवऱ्याने साठवलेली अर्जित रजा वापरली.

खासगी क्षेत्रातल्या वडिलांसाठी कायद्याने पितृत्व रजा दिलेली नाही. कंपनीचं धोरण असेल तरच. मला हे चुकीचं वाटतं, कारण दत्तक मुलाला दोघंही सारखेच नवखे असतात. धोरणात 'पितृत्व रजा' आहे पण दत्तकाचा उल्लेख नाही, असं असेल तर दत्तक मुलालाही ती लागू आहे का हे लेखी विचारा. अनेकदा उत्तर 'हो' येतं, कारण कोणी विचारलेलंच नसतं.

९. नकार आला तर

आधी नकाराचं कारण लेखी मागा. कोणत्या कलमाखाली नाही म्हणता, हे विचारलं की निम्मे नकार तिथेच विरतात. नंतर कंपनीतल्या वरच्या पातळीवर, आणि तेही थकलं तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार. कायदेशीर रजेच्या काळात कामावरून काढणं किंवा सेवाशर्ती तुमच्या तोट्याच्या करणं बेकायदेशीर आहे. नेमणूकपत्रात "दत्तक रजा लागू नाही" असं लिहून तुमची सही घेतलेली असली तरी कायद्यातलं किमान त्याने रद्द होत नाही. रागाच्या भरात राजीनामा मात्र देऊ नका. तो दिलात की हे सगळं लढणं अवघड होऊन बसतं.

१०. रजा संपताना

कामाचं स्वरूप घरून करण्यासारखं असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम देण्याची तरतूद कायद्यात आहे. ते दोन्ही बाजूंच्या संमतीने ठरतं. रजा संपायच्या महिनाभर आधी हे मागा. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय असायला हवी आणि दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता यायला हवं.

आरोग्य विम्यात मुलाचं नाव मुदतीत घाला. त्यासाठी दत्तक आदेशाची वाट न पाहता संस्थेचं पत्र चालतं का ते विचारा. भविष्य निर्वाह निधीचं नामनिर्देशनही बदला.

आणि थोडी रजा हाताशी ठेवा. दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सामाजिक कार्यकर्त्या पाहणीसाठी घरी येतात. तो दिवस बहुधा कामाचा असतो, आणि त्या दिवशी दोघांनी घरी असलेलं चांगलं.